बापाची ट्रंक, बहिणीची सही

आमच्या वस्तीत माणूस गेला की पुण्यानुमोदनाच्या दिवसापर्यंत सगळे गप्प असतात. भन्ते येतात, त्रिशरण-पंचशील होतं, बोलणारे दोन शब्द बोलतात, जेवणं उरकतात. मग मांडव सुटायच्या आधीच ट्रंक उघडते. पत्र्याची, रंग उडालेली, कुलपाची किल्ली हरवलेली. तीत काय असतं? रेशनकार्ड, लाईटबिलांची चळत, झोपडीचा फोटोपास, पोस्टाचं पासबुक, गावच्या जमिनीचा पंधरा वर्षांपूर्वीचा सातबारा आणि बाबासाहेबांचा एक जुना फोटो. एवढ्या कागदांवरून सख्खे भाऊ एकमेकांच्या नरड्याला लागतात. हे मी पाहिलंय. तुम्हीही पाहिलंय. आणि तरी आपल्या एकाही शिबिरात, एकाही अभ्यासवर्गात या ट्रंकेवर कुणी बोललेलं मला आठवत नाही.

म्हणून आज तिच्यावरच लिहितो. प्रश्न दिसायला साधा आहे. म्हातारे आईबाप जिवंत असताना, तुमच्या माघारी कशाचं काय करायचं, हे त्यांना विचारणं बरोबर की चूक? आणि विचारायचंच असेल तर कुणाच्या बाजूनं विचारायचं?

मित्रांनो, हा वकिलाचा प्रश्न आहे असं समजून पान उलटू नका. मीही तसंच समजत होतो, आणि त्याची किंमत माझ्या बहिणीनं दिली.

माझ्या बानं तेहतीस वर्षं मुंबईचे रस्ते झाडले. १९९८ साली तो गेला. जायच्या आधी वर्षभर तो अंथरुणाला खिळून होता. त्या वर्षात मी त्याची सेवा केली, औषधं आणली, रात्री उशाशी बसलो. पण एकदाही त्याला कागदांचं विचारलं नाही. मला लाज वाटायची. बाप मरायला टेकलाय आन् पोरगं कागद धुंडाळतंय, असं वस्ती म्हणेल. मी चळवळीतला. नामांतराच्या मोर्चात मार खाल्लेला. इस्टेटीची भाषा माझ्या तोंडी शोभत नाही असं मला वाटायचं. धाकट्यानं एकदा धीर करून विचारलं, तर बा हसला. म्हणाला, "मी काय जहागीरदार लागून गेलो व्हय रं? माज्याकडं काय हाय लिवायला?"

काय होतं त्याच्याकडं? दहा बाय बाराची झोपडी, तिचा फोटोपास. फंडातले थोडे पैसे. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी वतनाची दोन एकर जमीन. आणि त्याची नोकरी. हो, नोकरीसुद्धा. सफाई कामगाराच्या जागी त्याच्या वारसाला घेतलं जातं, ते बाच्या जागी धाकट्याला घेतलं होतं. लाड-पागे समितीच्या शिफारशी आपल्या वस्त्यांना पाठ असतात; बाकीचे कायदे नसतात.

बाचं ते वाक्य मी तेव्हा साधेपणा म्हणून घेतलं. आज मला ते तसं वाटत नाही. स्वतःच्या घामाच्या दोन एकरांना आणि दहा बाय बाराला 'काही नाही' म्हणायला माणूस आपण होऊन शिकत नाही. त्याला ते शिकवलेलं असतं. बायको, मुलगा आणि दास यांना स्वतःचं धन नसतं, ते जे कमावतील ते त्यांच्या मालकाचं, असं मनूनं लिहून ठेवलं. शूद्राला जमत असलं तरी त्यानं धन साठवू नये, असंही लिहिलं. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांनी ते पुस्तक जाळलं. कागद जळला. पण बाच्या डोक्यात, 'माझं' म्हणायची हिंमत होऊ नये, ही त्या कागदाची राख शिल्लक होती.

आणि वतनाची ती जमीन तरी कसली? गावकीची पडेल ती कामं करायची, सांगावा घेऊन रात्री-अपरात्री पळायचं, आणि त्या गुलामीच्या बदल्यात तो तुकडा. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतनाबद्दलचं बिल मांडलं, ते या गुलामीच्या मुळावर घाव घालायला. कनिष्ठ गावकामगार वतनं रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडलं, आणि तो अमलात आला १ ऑगस्ट १९५९ रोजी. माझ्या आज्यानं सरकारला कब्जाची रक्कम भरून ती जमीन परत आपल्या नावावर घेतली. तीही मोकळी नाही मिळाली. सातबाऱ्यावर आजही भोगवटादार वर्ग दोन लिहिलेलं असतं. कलेक्टरच्या परवानगीशिवाय ती विकता येत नाही की कुणाला देता येत नाही. तीन पिढ्यांनी अशी मिळवलेली जमीन, आणि बा म्हणतो माझ्याकडं काय हाय.

पण खरी गोष्ट पुढंच आहे.

बा गेल्यावर वारस नोंद करायची होती. कायद्यानं तीन महिन्यांत तलाठ्याला वर्दी द्यायची असते. आता त्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण गावाला तो तलाठीच. वारसांची नावं गाव नमुना सहा-क मध्ये चढतात, मग फेरफार, मग नोटीस, मग मंडळ अधिकाऱ्याची सही. आम्ही गेलो तर गावातला एक जाणता म्हणाला, "बहिणीचं नाव कशाला लावता? उद्या भाचा दारात उभा राहील. हक्कसोड करून घ्या." आम्ही दोघा भावांनी मान डोलावली. आक्काला सासरहून बोलावलं. तालुक्याला नेलं. दस्त आधीच टाईप केलेला होता. तिला साडी घेतली, हॉटेलात मिसळ खाऊ घातली. ती सातवी शिकलेली. तिनं दस्त वाचला नाही. म्हणाली, "मला काय करायचंय रं जमीन? म्हायेर तुटू ने, एवढंच." आणि सही केली.

त्या दिवशी मला काही वाईट वाटलं नाही, हे मी इथं लिहून ठेवतो. उलट सगळं शांतपणे उरकलं याचं समाधान वाटलं.

कायदा काय होता? १९५६ चा हिंदू वारसा कायदा. नाव हिंदू असलं तरी त्याच्या दुसऱ्या कलमात बौद्धांना तो लागू केलेला आहे. बाप मृत्युपत्र न करता गेला तर त्याच्या हिश्श्यात त्याची विधवा, मुलगे, मुली आणि आई जिवंत असेल तर आई, सगळे सारखे वारस. लग्न झालेली मुलगी आणि न झालेली मुलगी यात फरक नाही. मुलीला हा हक्क मिळावा म्हणून बाबासाहेबांनी हिंदू कोड बिल हातात घेतलं, ते अडवलं गेलं, आणि २७ सप्टेंबर १९५१ रोजी त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. ज्या हक्कासाठी बापानं खुर्ची सोडली, तो हक्क आम्ही लेकरांनी तालुक्याच्या कचेरीत एका साडीला विकत घेतला. आणि संध्याकाळी वस्तीत येऊन मी 'स्त्रीमुक्ती आणि आंबेडकरवाद' या विषयावर बोललो. विषय मला नक्की आठवतो, कारण पत्रक मीच लिहिलं होतं.

२०११ साली आक्काचा नवरा वारला. सासरच्यांनी तिला ठेवून घेतलं नाही. ती पोराला घेऊन आमच्याकडं आली. दहा बाय बारात किती जण मावणार? धाकट्याची बायको कुरकुरली, माझी बायको गप्प बसली, मी बैठकीला निघून गेलो. महिन्याभरानं आक्कानं पलीकडच्या गल्लीत भाड्यानं खोली घेतली. ती चार घरची धुणीभांडी करते. ज्या माहेरासाठी तिनं सही केली, ते माहेर महिनाभर टिकलं.

तिचा पोरगा पुढं शिकला. एका जयंतीला माझं भाषण ऐकून तो खाली उतरल्यावर म्हणाला, "मामा, तुम्ही समता फार छान सांगता. मग माझ्या आईची सही कशाला घेतली?" त्याच्या आवाजात राग नव्हता. खरंच विचारत होता. मला उत्तर देता आलं नाही. हा लेख म्हणजे त्या उत्तराची उशिरा सुरुवात आहे.

आता पहिल्या प्रश्नाकडं येतो. जिवंत आईबापाला वाटणीचं विचारणं म्हणजे त्यांचं मरण चिंतणं आहे का?

आपल्या धम्मात एक गोष्ट आहे, तुम्ही ती ऐकली असेल. बुद्ध कपिलवस्तूला आले तेव्हा यशोधरेनं राहुलला त्यांच्याकडं पाठवलं, बापाकडं वारसा माग म्हणून. पोरगं मागं लागलं, श्रमणा, माझा वारसा मला द्या. बुद्ध रागावले नाहीत. तू माझं मरण बघतोस काय, असं म्हणाले नाहीत. जे त्यांच्यापाशी होतं ते त्यांनी दिलं. सारिपुत्ताला सांगून त्याला संघात घेतलं. त्यावर शुद्धोदन कळवळला. पोरगा गेला, आता नातूही गेला. त्यानं विनंती केली की यापुढं आईबापाच्या संमतीवाचून पोराला प्रव्रज्या देऊ नये. बुद्धांनी ते मान्य करून नियम केला. या एका गोष्टीत मला दोन गोष्टी दिसतात. वारसा मागणं हे पाप नाही. आणि वारसा देताना घरातल्या तिसऱ्या माणसाला काय सोसावं लागतं तेही पाहायचं असतं, आणि चुकलं तर नियम बदलायचा असतो.

सिगालसुत्तात मुलानं आईबापासाठी काय करावं ते सांगितलंय. त्यात त्यांना पोसावं, त्यांची कामं करावीत, यासोबत वारशाला लायक व्हावं असंही आहे. नुसता वारसा घ्यावा असं नाही, लायक व्हावं. आम्ही दोघं भाऊ बाच्या जमिनीला लायक होतो का?

काही मित्र म्हणतील, सगळं अनित्य आहे, मग मृत्युपत्र कशाला? अनित्य आहे म्हणूनच. आपण कायमचे इथं असतो तर लिहायची गरज नव्हती. अनित्यतेचं नाव सांगून माघारच्यांना भांडत ठेवणं याला आळस म्हणतात. बाबासाहेबांचंच घ्या. ६ डिसेंबर १९५६ नंतर त्यांच्या अप्रकाशित लिखाणाच्या पेट्या दिल्लीत कोर्टाच्या ताब्यात गेल्या, तिथून पुढं महाराष्ट्राच्या ॲडमिनिस्ट्रेटर जनरलकडं. सरकारनं त्यांच्या लेखन-भाषणांचा पहिला खंड छापला तो १९७९ साली. एक पिढी ते लिखाण न वाचता म्हातारी झाली. कुणाला दोष द्यायला हे सांगत नाही. कागद अडकला की विचारही अडकतो, एवढंच सांगतो.

दुसरा आक्षेप आपल्यातल्या डाव्या मित्रांचा. वारसाहक्क हीच विषमतेची जड आहे. आपण ती उपटायची की तिला पाणी घालायचं? हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. या देशातलं सगळ्यात जुनं मृत्युपत्र म्हणजे जात. आमची सही नसताना ते आमच्या नावे झालं. एकाला पाटीलकी, एकाला पोथी, एकाला झाडू. बाच्या नोकरीचंच बघा. त्याचा झाडू धाकट्याला वारशानं मिळाला, आणि आम्ही त्या दिवशी पेढे वाटले. पोट भरत होतं म्हणून वाटले. त्यात लाज नाही. पण ज्या समाजाला वारशात झाडू मिळतो, त्यानं वारशाकडं पाठ फिरवून चालत नाही. वारसा उद्या मोडायचा तर खुशाल मोडू. तोवर तो आपल्या घरात कुणाच्या हातून कुणाच्या हातात जातो, याचा हिशेब आपल्यालाच द्यायचा आहे. सगळी मालमत्ता वाईट म्हणत बहिणीचीच तेवढी सोडवून घ्यायची, ही क्रांती नव्हे.

इथं सावध राहायला हवं. मृत्युपत्र लिहिलं की न्याय झाला असं मुळीच नाही. स्वतःच्या कमाईचं माणूस वाटेल त्याला लिहून देऊ शकतो. एकत्र कुटुंबातला स्वतःचा हिस्साही लिहून देऊ शकतो. म्हणून गावोगाव मृत्युपत्रं होतात ती बहुतेक मुलींना तोडायलाच. २००५ साली कायदा बदलला, मुलगी जन्मानंच मुलाइतकी सहहिस्सेदार झाली. ११ ऑगस्ट २०२० रोजी सुप्रीम कोर्टानं सांगितलं की २००५ मध्ये बाप जिवंत असायला हवा अशी अट नाही. लगेच लोकांनी वाट शोधली. एकतर हक्कसोड, नाहीतर मृत्युपत्र. सातबारा काढून बघा. थोरल्या भावाच्या नावापुढं ए.कु.मॅ., म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, आणि बहिणींची नावं 'इतर अधिकार' या रकान्यात. जमिनीच्या कागदातही त्यांना गावकुसाबाहेरच ठेवलंय. आणि हे फक्त पाटलाच्या सातबाऱ्यावर नाही. आपल्याही.

आता उलट्या बाजूचा अन्याय. आमच्या गल्लीत एक म्हातारे होते, गिरणीत काम केलेले. नाव लिहीत नाही. पोरगा म्हणाला, "दादा, उद्या लफडं नको, खोली आत्ताच माझ्या नावावर करा." म्हाताऱ्यांनी अंगठा दिला. तो कागद मृत्युपत्राचा नव्हता, बक्षीसपत्राचा होता. वर्षाच्या आत म्हातारे ओट्यावर झोपायला आले. द्रोणानं एकलव्याचा अंगठा घेतला म्हणून आपण इतकी वर्षं भाषणं करतो. इथं पोरगाच अंगठा घेतोय, आणि शेजारी आम्ही उभे.

हा फरक प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत पाहिजे. मृत्युपत्र माणूस गेल्यावर लागू होतं. जिवंत असेतोवर तो ते कितीही वेळा बदलू शकतो, फाडू शकतो. बक्षीसपत्र झालं की त्याच दिवशी मालकी जाते. द्यायचंच असेल तर, शेवटपर्यंत मला सांभाळायचं, जेवण-औषधपाणी करायचं, ही अट त्याच दस्तात लिहून घ्यावी. कारण २००७ सालच्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात कलम २३ आहे. सांभाळायच्या अटीवर दिलं आणि घेणाऱ्यानं सांभाळलं नाही, तर ते देणं फसवणुकीनं झालं असं धरून न्यायाधिकरण ते रद्द करू शकतं. साठ वर्षांवरचा कुणीही तिथं अर्ज करू शकतो. आपल्याकडं हे न्यायाधिकरण प्रांतसाहेबांकडं असतं. दरमहा पोटगीही मागता येते. आम्हाला हे तेव्हा माहीत असतं तर ते म्हातारे ओट्यावर मेले नसते. मोर्चाचा परवाना कुठं मिळतो ते आम्हाला माहीत होतं.

कुलमुखत्यारपत्राचंही असंच. पोरं म्हाताऱ्याकडून ते करून घेतात आणि समजतात की सगळं झालं. मुखत्यारपत्र देणारा मेला की ते मरतं. त्याचं भान कायमचं गेलं तरी मरतं. म्हणजे ज्या दिवसासाठी केलं, नेमकं त्याच दिवशी ते उपयोगाचं राहत नाही. बँकेतल्या नॉमिनीचंही नीट समजून घ्या. नॉमिनीला बँक पैसे देते ते वारसांच्या वतीनं सांभाळायला. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. किती तरी घरात थोरला पोरगा नॉमिनी म्हणून पैसे उचलतो आणि विधवा आई त्याच्या तोंडाकडं बघत बसते.

म्हणून दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर असं आहे. विचारायचं ते म्हाताऱ्या माणसाच्या बाजूनं. "मला काय देणार?" असं विचारणारा वारसदार असतो. "तुमचं काय आहे, तुम्हाला काय पाहिजे, तुम्हाला कोण सांभाळणार, आणि माघारी कुणावर अन्याय होऊ नये असं वाटतं?" असं विचारणारा माणूस असतो. पहिल्या प्रश्नानं म्हातारं खचतं. दुसऱ्यानं ते ताठ बसतं. हे मी डोळ्यांनी पाहिलं, माझ्या आयच्या बाबतीत.

आय आज ऐंशी ओलांडून गेली. बा गेल्यावर झोपडी तिच्या नावावर झाली, जमिनीतही तिचं नाव लागलं. चार महिने माझ्याकडं, चार महिने धाकट्याकडं. भाच्यानं तो प्रश्न विचारल्यावर मी बरेच दिवस घुटमळलो. मग एका रविवारी तिच्यापुढं ट्रंक उघडली आणि म्हणालो, "आय, ह्यात तुझं काय काय हाय, सांग." तिनं आधी माझ्याकडं बघितलं. मग एकेक कागद मांडीवर घेतला. वाचता येत नव्हतं, पण कुठला कागद कुठल्या सालचा, कुणी आणला, त्यासाठी किती खेपा झाल्या, सगळं तिला ठाऊक होतं. आम्ही तिला कधी विचारलंच नव्हतं.

म्हणाली, "आदी माजं नाव लाव. मी जित्ती हाय तवर समदं माजं. कुनी मला हिकडून तिकडं ढकलायचं न्हाय. मग पुडचं सांगते."

पुढचं तिनं असं सांगितलं. जमिनीतला तिचा हिस्सा आक्काला. झोपडीत आक्कानं मरेपर्यंत राहायचं, तिला कुणी उठवायचं नाही. नंतर तिघांच्या पोरांना सारखं. शेवटचं आजारपण आलं तर नळ्या घालून ठेवायचं नाही. माती बौद्ध पद्धतीनं, दहावा-तेरावा काही नाही.

आजारपणाचं वेगळं लिहून ठेवता येतं. सुप्रीम कोर्टानं २०१८ साली ते मान्य केलंय आणि २०२३ मध्ये त्याची रीत सोपी केलीय. बाकीचं मृत्युपत्रात. त्याला स्टँप लागत नाही, साध्या कागदावर चालतं. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. दोन साक्षीदार लागतात, आणि त्या दोघांनी तिची सही डोळ्यांनी पाहिलेली पाहिजे. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नये, म्हणजे उद्या कुणी संशय घेत नाही. ती शुद्धीवर आहे, तिला कळतं, असा डॉक्टरचा दाखला सोबत जोडला. साक्षीला शेजारची एक बाई आणि शाळेतले एक मास्तर. सगळं तिला मोठ्यानं वाचून दाखवलं. तिनं दोनदा थांबवून दुरुस्ती सांगितली.

अंगठ्याची शाई पुढं केली तर तिनं हात मागं घेतला. साक्षरतेच्या वर्गात कधीकाळी ती नाव काढायला शिकली होती. म्हणाली, "अंगटा न्हाय. म्या नाव लिवनार." तीन अक्षरं लिहायला तिला बराच वेळ लागला. सगळे थांबलो. बा जे म्हणाला होता, माज्याकडं काय हाय लिवायला, त्याचं उत्तर त्या कागदावर होतं.

इथं लेख संपवला असता तर मी बरा ठरलो असतो. पण भाच्यानं ठरू दिलं नाही.

आयचं झाल्यावर मलाही हुरूप आला. १९९८ साली आक्कानं सोडलेला हिस्सा आम्हा दोघा भावांत निम्मा निम्मा आला होता. माझ्याकडं आलेला निम्मा मी माझ्या मृत्युपत्रात आक्काच्या नावे लिहिला. भाच्याला वाचायला दिला. मला वाटलं, तो गळ्यात पडेल. त्यानं वाचला, घडी केली, आणि म्हणाला, "मामा, आई तुमच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी आहे."

बस. एवढंच.

तेव्हा मला कळलं की मी अजून तीच लबाडी करतोय. मृत्युपत्रात आपलं लिहायचं असतं. जे दुसऱ्याचं आपल्याकडं आहे, ते मृत्युपत्रात लिहायचं नसतं. ते हातपाय चालतात तोवर परत करायचं असतं. मेल्यावर देईन असं म्हणणाऱ्याला हयातीत दाता म्हणून मिरवता येतं आणि जमीनही त्याच्याकडंच राहते. आपल्या चळवळीत हा दोष फार आहे. समता आपण नेहमी पुढच्या पिढीच्या नावे लिहून ठेवतो.

आक्कानं केलेली हक्कसोड नोंदलेली आहे, सज्ञान माणसानं केलेली आहे, इतकी वर्षं उलटलीत. कोर्टात गेली तरी तिला ती परत मिळेल असं मला वाटत नाही. म्हणजे कायदा आता आमच्या बाजूनं आहे. म्हणूनच द्यायचं की नाही हा प्रश्न निव्वळ नीतीचा उरलाय. वर्ग दोनची जमीन, त्यामुळं बक्षीसपत्राला कलेक्टरची परवानगी लागते. मी अर्ज दिलाय. खेपा घालतोय. धाकट्यानं अजून सही केलेली नाही. तो म्हणतो, बघू. मी त्याला दोष देऊ शकत नाही, कारण १९९८ साली दस्त टाईप करून आणला तो मीच.

आक्काला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आता कशाला रं? लोकं काय म्हणतील?" मी म्हणालो, "लोक तवाबी व्हते." ती काही बोलली नाही. पदरानं भांडं पुसत राहिली. तिनं माफ केलं की नाही मला माहीत नाही. ते विचारायचा हक्क जमीन परत तिच्या नावावर लागल्यावरच मला येईल.

मित्रांनो, तुम्ही तरुण आहात. तुमचे आईबाप अजून हिंडतेफिरते असतील. पुढच्या अभ्यासवर्गाच्या आधी एक काम करा. घरी जा आणि आईच्या समोर बसून ट्रंक उघडा. कागद मोजा. सातबारा ताजा काढा आणि बहिणीचं नाव कुठल्या रकान्यात आहे ते बघा. वस्तीचं पुनर्वसन होणार असेल तर परिशिष्ट दोनच्या यादीत नाव कुणाचं आहे ते बघा. आईला विचारा, तिला काय पाहिजे. मग बहिणीला बोलावून तेच विचारा, आणि ती "मला काही नको" म्हणाली तर लगेच खूश होऊ नका. तिला हे बोलायला कुणी शिकवलं ते आधी शोधा.

एवढं केलंत तर वर्गाला या. मग मनूवर बोलू.

जयभीम.